शोधविमान कोणी उडवायचं?

अमेरिकेत एखादं छोटं विमान बेपत्ता झालं, की त्याला शोधायला आकाशात जाणाऱ्यांपैकी बरेच जण पगारी नसतात. कुणी शिक्षक असतो, कुणी दातांची डॉक्टर, कुणी निवृत्त वैमानिक. १ डिसेंबर १९४१ रोजी सुरू झालेली सिव्हिल एअर पेट्रोल ही त्यांची सर्वांत मोठी संघटना. १९४८ पासून ती अमेरिकी वायुदलाची अधिकृत सहायक संघटना आहे आणि तिचा ताफा मुख्यतः एक इंजिनाच्या सेस्ना विमानांचा आहे. या कामाचे नियम आणि सुरक्षितता यांवर वाचकांचे प्रश्न आले, त्यांतल्या सात प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे डीजीसीएचं (भारताच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचं) सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स आहे, एकूण २१० तास. पुढे आयटीत आलो, उडणं थांबलं. आता ग्रीन कार्ड मिळालं आहे. शोधमोहिमेचा वैमानिक व्हायला अजून काय लागेल?
*– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी*

ग्रीन कार्ड आहे म्हणजे सदस्यत्वाचा पहिला अडसर दूर झाला. बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी आणि सुरुवातीचं प्रशिक्षण झालं, की तुम्ही सदस्य होता. खरी गाठ तासांची आहे.

संघटनेत ‘मिशन पायलट’ होण्यासाठी पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला वैमानिक) म्हणून किमान २०० तास हवेत आणि त्यांतले किमान ५० क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचे. प्रशिक्षणार्थी म्हणून नाव घालायला १७५ पुरतात. तुमचे २१० हे एकूण तास आहेत. भारतात सीपीएलला एकूण २०० तासांत कमांडचे १०० लागतात, म्हणजे तुमच्या लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) कमांडचे शंभर-सव्वाशेच असणार. भारतातून आलेल्या बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. आधी लॉगबुकातले रकाने वेगवेगळे जोडा. कमांडचे १०० तास भरत असतील तर मधल्या काळात ‘ट्रान्स्पोर्ट मिशन पायलट’ होता येतं, म्हणजे माणसं आणि सामान पोचवण्याचं काम.

आता लायसन्स. एफएए या अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या नियम ६१.७५ खाली भारतीय लायसन्सच्या आधारावर अमेरिकी प्रायव्हेट सर्टिफिकेट मिळतं. सीपीएल असलं तरी हातात येतं ते प्रायव्हेटच. त्यासाठी आधी एफएएकडून डीजीसीएकडे पडताळणी जाते, मग प्रत्यक्ष भेट, आणि कमांडमध्ये उडण्याआधी फ्लाइट रिव्ह्यू : किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत. हा रस्ता जवळचा आहे, पण त्याचा पाया भारतात राहतो. भारतीय लायसन्स रद्द किंवा निलंबित झालं, की अमेरिकी कागदही निकामी. इथेच राहायचं असेल तर लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा देऊन स्वतंत्र सर्टिफिकेट घ्या असं आम्ही आग्रहाने सांगू. एकदा खर्च होतो, पण पुढे दर वेळी दोन देशांचे कागद सांभाळावे लागत नाहीत.

एक गोष्ट तुमच्या फायद्याची. एफएएच्या हिशेबात, ज्या वर्गाच्या विमानाचं रेटिंग तुमच्याकडे आहे ते तुम्ही एकट्याने हाताळत असाल, तर शेजारी प्रशिक्षक बसलेला असतानाही तो वेळ कमांडमध्ये लिहिता येतो. भारतात प्रशिक्षकासोबतचा (ड्युअलचा) वेळ तसा धरत नाहीत. त्यामुळे उडण्याचा हात परत बसवताना घेतलेले धडेसुद्धा तुमच्या २०० मध्ये भर घालतील.

वैद्यकीय बाजूला नेहमीच्या मेडिकल सर्टिफिकेटऐवजी बेसिकमेड ही सोपी सोय आहे : चार वर्षांतून एकदा डॉक्टरची तपासणी आणि दोन वर्षांतून एकदा ऑनलाइन कोर्स. मात्र ती घ्यायला १४ जुलै २००६ नंतर कधीतरी एफएएचं मेडिकल मिळालेलं असावं लागतं. भारतीय मेडिकल तिथे चालत नाही. म्हणून एकदा तिसऱ्या वर्गाचं मेडिकल काढाच. चाळिशीच्या आत ते ६० महिने चालतं, नंतर २४.

यापुढे संघटनेच्या स्वतःच्या परीक्षा आहेत. दर १२ महिन्यांनी ‘फॉर्म ५’ची चेक राइड, म्हणजे उड्डाणाची परीक्षा असते : तोंडी, लेखी आणि हवेत, त्यात स्टॉल (पंखांची उचल सुटून विमान पडू लागणं), संथ उड्डाण, इंजिन बंद पडल्याचा सराव. मोहिमेच्या कामासाठी वेगळी ‘फॉर्म ९१’ची परीक्षा दर २४ महिन्यांनी. सेस्ना १८२ चं इंजिन २३० अश्वशक्तीचं आहे, म्हणून २०० च्या वरच्या इंजिनासाठी लागणारं प्रशिक्षकाचं एन्डॉर्समेंट (सहीची नोंद) लॉगबुकात हवं. सेस्ना १७२ ला ते लागत नाही. आणि वैमानिकाने आधी स्कॅनर, म्हणजे मागे बसून जमीन न्याहाळणारा, म्हणून पात्र व्हायचं असतं. मागच्या सीटवरून खालचं रान किती भराभर सरकतं हे डोळ्यांना कळल्याशिवाय पुढून विमान कसं चालवावं ते समजत नाही. ही अट आम्हाला सगळ्या अटींत शहाणपणाची वाटते.

प्रश्न : प्रायव्हेट लायसन्सवर पैसे घेऊन उडता येत नाही. मग शोधाच्या फेरीचं इंधन संघटनेकडून घेतलं तर गुन्हा होतो का?
*– एक वाचक, डॅलस*

होत नाही. नियम ६१.११३ मध्ये याच कामासाठी अपवाद आहे. शोधाशी थेट निगडित खर्च भरून घेता येतो, पण चारच बाबींचा : इंधन, ऑइल, विमानतळावरचा खर्च आणि विमानाचं भाडं. शिवाय मोहीम सरकारी यंत्रणेच्या किंवा शोधकार्य करणाऱ्या संघटनेच्या मंजुरीने आणि तिच्या नियंत्रणाखाली चाललेली असावी लागते. हॉटेल, जेवण, बुडालेली मजुरी यांना या अपवादात जागा नाही. बेपत्ता माणसाच्या नातेवाइकांनी हातात टेकवलेले पैसे तर घेऊच नका. भावनेच्या भरात ते देतात, पण त्या क्षणी तुमची फेरी भाड्याची होते, आणि तिथे विमाही हात वर करू शकतो.

यालाच जोडून : ओळखीच्या कुणाचं विमान हरवलं म्हणून आपलं विमान काढून परस्पर शोधायला निघू नये. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची हवाई शोधमोहीम फ्लोरिडात टिंडल हवाई तळावरच्या बचाव समन्वय केंद्रातून मोहिमेचा क्रमांक मिळाल्यावरच चालते. प्रत्येक विमानाला नकाशावरची ठरावीक चौकट मिळते, बहुधा १५ मिनिटं अक्षांश बाय १५ मिनिटं रेखांश, किंवा तिचा चौथा भाग. त्या चौकटीत दुसरं कुणी नाही हे गृहीत धरून आतली माणसं खाली बघत असतात. तिथे न सांगता घुसलेलं विमान त्यांना दिसणारच नाही.

प्रश्न : मी मिशन पायलटचं प्रशिक्षण घेत आहे. लक्ष्य दिसल्यावर मी वळून खाली बघितलं की चेक पायलट ओरडतात. ३० अंशांपेक्षा जास्त कलू देत नाहीत. शोधायला गेलो आणि बघायचंच नाही?
*– एक वाचक, डेन्व्हर*

वैमानिकाने बघायचं नाही. हे मनाला पटायला जड जातं, पण जीव वाचवणारी गोष्ट हीच आहे.

शोधाची फेरी साधारण जमिनीपासून १,००० फुटांवर आणि ९० नॉटच्या आसपास असते. आता हे आकडे पाहा. समजा, तुमचं विमान सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होतं. ३० अंश कललं की तोच आकडा साडेत्रेपन्नास. ४५ अंशांत ५९. ६० अंशांत ७१. खाली एका झाडीत काहीतरी चमकलं, तुम्ही मान वळवून त्यावर नजर रोवली, ते पंखाखाली जायला लागलं म्हणून हात नकळत आणखी कलवतो. नाक खाली पडू नये म्हणून स्टिक मागे येते. त्यात वारा मागून असेल तर जमीन जोरात पळताना दिसते, वेग भरपूर असल्याचा भास होतो आणि हात थ्रॉटल मागे घेतो. वेगदर्शक काट्याकडे मात्र कुणी बघत नसतं. स्टॉलचा भोंगा वाजतो तेव्हा कललेल्या पंखासकट विमान घसरतं. कललेल्या स्टॉलमधून गिरकी सुरू झाली तर सावरायला हजार फूट सहज जातात, आणि तुमच्याकडे हजारच होते. अलास्कात प्राणी बघण्यासाठी घिरट्या घालणारी विमानं अशी पडत आली आहेत, म्हणून तिथले वैमानिक याला ‘मूस स्टॉल’ म्हणतात.

म्हणून कामं वाटलेली असतात. उजवीकडे पुढे बसलेला ऑब्झर्व्हर रेडिओ, दिशा आणि नोंदी सांभाळतो. मागचा स्कॅनर फक्त बघतो. तुम्ही फक्त उडवता. स्कॅनरला काही दिसलं तर तो म्हणतो, “लक्ष्य, चार वाजता, अर्धा मैल.” (नाक म्हणजे घड्याळातले बारा धरून दिशा सांगतात.) ऑब्झर्व्हर त्याच क्षणी जीपीएसवर खूण करतो. तुम्ही काही सेकंद सरळच जाता. वेग आणि उंची वाचता, थोडी शक्ती वाढवता आणि मग ३० अंशांच्या आत वळता. स्कॅनरची नजर लक्ष्यावरून हलता कामा नये. “आता नाकासमोर येतंय”, “आता डावीकडे” असं तो बोलत राहतो. नजर एकदा सुटली तर तीच खडकाळ जागा परत सापडत नाही, म्हणून जीपीएसची खूण.

९० नॉटला ३० अंशांच्या वळणाची त्रिज्या सुमारे १,२५० फूट येते. पूर्ण फेरीला ५० ते ५२ सेकंद लागतात. लक्ष्य बघायला तेवढी फेरी पुरते, अजून घट्ट वळण्याची गरज नसते.

तुम्ही कोलोरॅडोत आहात, म्हणून एक पायरी पुढे. १०,००० फुटांवर काट्यावर ९० नॉट दिसत असले तरी विरळ हवेत खरा वेग १०५ च्या घरात असतो आणि तेच ३० अंशांचं वळण सुमारे ३,४०० फूट रुंद होतं. दरी तीन हजार फूट रुंद असेल तर तुम्ही त्यात वळूच शकत नाही. म्हणून दरीत खालून वर कधी शिरायचं नाही. डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात करून, एकेका उंचीवर डोंगराच्या कडेकडेने जात, हळूहळू खाली यायचं, आणि बाहेर पडायची वाट सतत उताराच्या दिशेला ठेवायची. कडा ओलांडताना सरळ तोंड न घालता ४५ अंशांनी जायचं, म्हणजे हवेने खाली दाबलं तर थोडंसं वळून परतता येतं. माथ्यावर वारा २० ते २५ नॉटच्या वर असेल तर त्या दिवशी डोंगरातली फेरी रद्दच.

उन्हाळ्याचा हिशेबही मांडून बघा. तुमच्या कोलोरॅडोतला लेडव्हिल विमानतळ ९,९३४ फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान उणे ५ च्या जवळपास धरतात. दुपारी २० अंश सेल्सिअस असेल तर विमानाला हवा सुमारे १३,००० फुटांवरची वाटते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. ज्या विमानाने सकाळी सहज चढ घेतला, तेच दुपारी धावपट्टी संपत आली तरी अनिच्छेने उचलतं.

प्रश्न : विमान कंपनीतून निवृत्त झालो, हजारो तासांचा अनुभव आहे. तरी प्रत्येक उड्डाणाआधी एका स्वयंसेवकाला फोन करून परवानगी घ्यावी लागते. तो तर माझ्या निम्म्या वयाचा आहे. हा अपमान नाही का?
*– एक वाचक, फिनिक्स*

तुमच्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून सांगतो : हा फोन टाळू नका.

८ नोव्हेंबर २००७ च्या रात्री संघटनेचंच एक सेस्ना १८२ नॉर्थ लास वेगासहून निघालं आणि अंधारात माउंट पोटोसी या डोंगरावर आदळलं. आतल्या दोघा वैमानिकांचे मिळून पन्नास हजारांहून जास्त तास होते. विमान नव्या पद्धतीच्या डिजिटल फलकाचं होतं. दोघेही गेले. मोहिमेचं दडपण नव्हतं, फक्त काळोख होता आणि डोंगराच्या उंचीचा प्रश्न कुणीही मोठ्याने विचारला नाही.

हा फोन घेणारा फ्लाइट रिलीज ऑफिसर तुमचं कौशल्य तपासत नाही. तो विचारतो : चेक राइडची तारीख काय? हवामान कुठून घेतलंत? वाटेतली सर्वांत उंच जमीन किती? इंधन किती, आणि उतरताना किती उरेल? कालपासून किती तास जागे आहात? आवाजातूनही बरंच कळतं. आणि तुम्ही ठरल्या वेळी उतरल्याचं कळवलं नाही, तर तुमचा शोध सुरू करणारा पहिला माणूस तोच असतो.

इंधनाचा कायदा दिवसा ३० मिनिटं, रात्री ४५ मिनिटं राखीव मागतो. संघटना एक तास मागते. दिवसाला कामाचे १४ तास, त्यांत उड्डाण ८ तासांच्या आत आणि दोन पाळ्यांमध्ये १० तास विश्रांती ही मर्यादाही तिचीच. मोठ्या विमानात शेजारी दुसरा वैमानिक आणि खाली उड्डाणाची आखणी तपासणारा डिस्पॅचर असायचा. इथे ती दोन्ही कामं या एका फोनमध्ये कोंबलेली आहेत.

वजनाचं कोष्टकही फोनआधी स्वतःच्या हाताने करा. समजा, उपकरणांसह रिकामं विमान २,०५० पौंड, कमाल ३,१००. टाक्या पूर्ण, म्हणजे ८७ गॅलन, भरल्या की ५२२ पौंड गेले आणि माणसांसाठी ५२८ उरले. १९० पौंडांची तीन माणसं ५७० होतात. म्हणजे विमान निघण्याआधीच जड. ६४ गॅलन भरा : ३८४ पौंड, उरले ६६६, माणसं आणि पिशव्या आरामात बसतात. तासाला १३ गॅलन धरलं तर राखीव एक तास सोडून चार तासांना थोडाच कमी वेळ हातात राहतो. तेवढ्या वेळात स्कॅनरचे डोळे विमानाच्या आधी थकतात.

प्रश्न : मला लायसन्स नाही. तरी विमानात बसून मदत करता येईल? मुलगी १६ वर्षांची आहे, तिलाही यायचं आहे.
*– एक वाचिका, फ्रीमाँट*

तुम्हाला येईल. स्कॅनर आणि पुढे ऑब्झर्व्हर व्हायला वैमानिकाचं लायसन्स लागत नाही. फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे मोफत ऑनलाइन कोर्स आणि प्रत्यक्ष सराव लागतो. स्कॅनरसाठी वय १८ पूर्ण हवं. मुलगी कॅडेट म्हणून आत्ताच येऊ शकते, कॅडेटचं वय १२ पासून सुरू होतं. जमिनीवरच्या पथकात तिला खूप शिकायला मिळेल.

बघण्याची एक सवय घरीच लावा. डोळा सरकवत ठेवला तर काही दिसत नाही. एका जागी क्षणभर थांबवायचा, मग पुढची जागा. पडलेलं विमान विमानासारखं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. दिसतो तो एका दिशेने तुटलेल्या फांद्यांचा पट्टा, निसर्गात न बसणारी सरळ रेष, काळा डाग, कागदाच्या चिटोऱ्यांसारखं पांढरं काही. आणि पोटात कालवायला लागलं तर लाजून गप्प बसू नका, लगेच सांगा. ज्याला मळमळतंय त्याच्या बाजूची जमीन कुणीच बघत नसतं.

प्रश्न : इतकी माणसं, इतकी विमानं, तरी विक्रमवीर साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट वर्षभर सापडला नाही. मग या शोधाचा उपयोग काय?
*– एक वाचक, पुणे*

फॉसेट ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातून एकटा निघाला. जवळपास २०,००० चौरस मैल मुलूख धुंडाळला गेला. अवशेष सापडले ते पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला, कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्सजवळच्या डोंगरात, एका पदभ्रमण करणाऱ्याला त्याची ओळखपत्रं सापडल्यामुळे. डोंगरातल्या खाली दाबणाऱ्या हवेने विमानाच्या चढण्याच्या ताकदीवर मात केली, असं तपासात निघालं.

अडचण अशी होती की तो नेमका कुठे जाणार हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. शोध घेणाऱ्याचं अर्धं काम हरवलेल्या माणसाने आधीच करून ठेवलेलं असावं लागतं. आज त्यात मोबाइल आणि रडारच्या नोंदींची मोठी मदत होते. संघटनेचं स्वतःचं मोबाइल-विश्लेषणाचं पथक आहे आणि त्यामुळे विमान उडायच्या आधीच शोधाची जागा कितीतरी आखडते.

दुसरी गोष्ट विमानातल्या आपत्कालीन ट्रान्समीटरची. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह जुन्या यंत्रांची १२१.५ मेगाहर्ट्झ ही लहर ऐकत नाहीत. ४०६ मेगाहर्ट्झचं नवं यंत्र दर ५० सेकंदांनी ५ वॉटचा संदेश उपग्रहाला देतं, त्यात तुमची ओळख असते. जुनं यंत्र कायद्याने चालतं, पण ते जवळून जाणाऱ्या विमानालाच ऐकू येतं. ४०६ चं यंत्र घेऊन त्याची नोंदणी केली नाही, तर केंद्राला नुसता क्रमांक दिसतो. अमेरिकेत ही नोंदणी एनओएए या सरकारी सागर आणि हवामान संस्थेकडे मोफत होते आणि दर दोन वर्षांनी नवी करावी लागते. फोन नंबर बदलला की आधी तिथे बदला.

प्रश्न : आपल्याकडे असं स्वयंसेवी हवाई पथक का नाही? आमच्या गटाकडे ड्रोन आहे, सह्याद्रीत हरवलेल्या ट्रेकर्ससाठी वापरतो. आम्हाला काय नियम?
*– एक वाचक, रत्नागिरी*

आपल्याकडे विमानाचा शोध विमानतळ प्राधिकरणाच्या समन्वय केंद्रांतून आणि समुद्रातला तटरक्षक दलाकडून चालतो. समुद्रात संकट दिसलं तर १५५४ लावा. उपग्रहावरून येणारे संकटसंदेश बेंगळुरूत इस्रोच्या केंद्रात उतरतात. सेस्नाचा ताफा बाळगणारी नागरी संघटना इथे नाही. विमानं, इंधन आणि मोकळं आकाश, तिन्ही महाग आहेत.

ड्रोनला २०२१ चे नियम लागू आहेत. २ किलोपर्यंतचं ड्रोन बिगर-व्यावसायिक कामासाठी उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. २ ते २५ किलोच्या वर्गाला लागतं : वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत परवानगीविना उडता येतं. कड्यावरून उडवताना ही उंची ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून मोजा. कड्याच्या टोकाबाहेर गेलं की खालची जमीन एकदम हजार फूट खाली जाते आणि नकळत मर्यादा ओलांडली जाते.

थर्मल कॅमेरा असेल तर दुपारी उडवून बॅटरी संपवू नका. कातळ तापलेला असतो आणि माणूस त्यात विरून जातो. पहाटे, उजाडायच्या आधी, खडक थंड झालेला असतो तेव्हा अंगाची ऊब ठळक दिसते. ड्रोन चालवणाऱ्याशेजारी दुसरा माणूस फक्त आकाश बघायला उभा ठेवा. हेलिकॉप्टरचा आवाज आला की ताबडतोब ड्रोन उतरवा, पडदा बघणाऱ्याला काही दिसायला लागलं असलं तरीही. तोपर्यंतच्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवा आणि पोलिसांच्या वायरलेसवरून हेलिकॉप्टरला कळवा.